हौदाजवळून दिसणारा चेहरा

गुरुवारी बाजारातून येताना हौदापाशी नेहमीसारखी थांबले, टोपली कट्ट्यावर ठेवली, मान वर केली, आणि बघते तर कॅथेड्रलवरच्या माझ्या दगडी नोएमीच्या डोक्यावर गोणपाट. साधं बटाट्याचं गोणपाट, गळ्यापाशी सुतळीनं आवळलेलं. बाकी सगळं जागच्या जागी होतं. पंख होते, मेणबत्ती धरलेला हात होता, झग्याच्या चुण्यांत बसलेली कबुतरं होती. चेहरा तेवढा नव्हता. वाऱ्यानं ते गोणपाट आत-बाहेर होत होतं, आत कुणी श्वास घ्यावा तसं. घटसर्पानं माझ्या पोरीचा घसा धरला तेव्हा डॉक्टरनं मला तिच्या ओठांपुढं पीस धरून बसायला सांगितलं होतं. ते पीस असंच हलायचं. आत, बाहेर. मग एकदा आत गेलं ते बाहेर आलंच नाही, आणि मी आपली धरूनच बसले, कारण धरू नको असं मला कुणी सांगितलं नव्हतं. हौदावर चीजवाली मार्गो डबे विसळत होती. ती म्हणाली, "अगंबाई, मादाम कुर्तेल, तुमच्या देवदूताला सर्दी झाली वाटतं!" मी म्हटलं, "सर्दी कसली? तुझ्या चीजचा वास वरपर्यंत जातो. नाक बांधून घेतलंय त्यानं." बायका हसल्या. मी मान ताठ ठेवून निघाले. कोपऱ्यावर वळल्यावर कळलं की टोपली हौदावरच राहिली आहे. परत गेले नाही. जिच्या डोळ्यांत पाणी आहे तिनं बाजारात परत जाऊ नये.

या हौदाजवळ कोपरा उडालेली एक फरशी आहे. परांची उतरवली त्या दिवशी माझ्या नवऱ्यानं कोपराला धरून मला तिच्यावर उभं केलं होतं. "सिदोनी, इथून बघ. इथूनच. पुढं जाऊ नकोस." एव्हारिस्त कुर्तेल यांच्या तोंडून मला मिळालेल्या आज्ञा बोटांवर मोजण्याइतक्या, घरात आज्ञा मी द्यायची. पण ही मी पाळली. वर बघितलं आणि माझी पोर कॅथेड्रलच्या मोठ्या कमानीच्या खांद्यावर उभी होती. हसत नव्हती; हसायच्या आधी ओठ दाबायची ना, तशी. "भुवईवरची खूणसुद्धा?" मी विचारलं. ते म्हणाले, "ती पण आहे." मी बघत राहिले आणि ते माझ्याकडे बघत राहिले. वर त्यांनी बघितलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढं कधीच नाही. घरातून कामावर जायचा सरळ रस्ता या चौकातून, पण हा माणूस खाटीकगल्लीतून, रक्ताच्या गटारातून बूट भरवत वळसा घालून जायचा. मी मनात म्हणायची, दगडात राहून राहून दगड झालाय.

माझा बाप खाणवाला. पांढऱ्या दगडाची खाण आमची. मला अक्षरं मोठी लिहिली तर वाचता येतात, सही करता येते, त्याहून जास्त शिकवायला वडिलांना वेळ नव्हता आणि मला गरज नव्हती. एव्हारिस्त आमच्या खाणीवर आले ते धान्यबाजाराच्या इमारतीसाठी दगड निवडायला. उंच टोपी, पातळ बूट, आणि बोलणं असं की वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा माणूस हिंडतोय त्या कड्याच्या टोकावर, त्याला मागं ओढ, नाहीतर बिल कुणाच्या नावानं करायचं?" मी कोटाला धरून मागं ओढलं. एव्हारिस्त म्हणायचे, लग्न तिथंच लागलं. पॅरिसच्या मोठ्या शाळेत शिकलेले. रोमला पाठवतात ते बक्षीस थोडक्यात हुकलेलं, आणि ते हुकणं जन्मभर छातीत घेऊन फिरले. रोम नाही तर आमचं हे नदीकाठचं ओलं शहर. त्याला त्यांनी धान्यबाजार दिला, मुलींची शाळा दिली, तुरुंगाला दरवाजा दिला. शहरानं त्यांना काय दिलं? टोमणे. तुरुंगाचा दरवाजा एवढा देखणा झाला की बिशपसाहेब म्हणाले होते, लोक आत जायला रांग लावतील. अर्ध्या शहराच्या भिंती या माणसानं उभ्या केल्या आणि आमच्या घरातली एक खिडकी धड लागत नव्हती. आणि मग कॅथेड्रल. तिथं त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. क्रांतीच्या धामधुमीत लोकांनी शिड्या लावून दगडी राजांची, संतांची, देवदूतांची मुंडकी उडवली होती. माझी आजी सांगायची, पोरं चौकात त्यांचा चेंडू करून खेळायची. सरकारनं एव्हारिस्तना सांगितलं, नवी डोकी बसवा. आता राजे कसे दिसायचे हे कुणाला ठाऊक? पाथरवटांनी आपापल्या ओळखीची तोंडं घेतली. तशी चालच आहे त्यांची. एका राजाला पाववाल्याचं नाक, एकाला नोटरीचे फुगलेले गाल. रविवारी मिस्सा सुटला की सगळं शहर माना वर करून आपले नातेवाईक शोधायचं. नाजूक, देखण्या राण्या गोष्टींत असतील. आमच्या राणीला धोबिणीची हनुवटी होती, आणि ती धोबीण मरेपर्यंत त्या हनुवटीच्या जोरावर भाव वाढवून घ्यायची.

हा हुकूम आला त्याच हिवाळ्यात नोएमी गेली. हे पॅरिसला होते, नकाशे मंजूर करून घ्यायला. बर्फानं रस्ते बंद. आले तेव्हा पुरून झालं होतं. अंगावरचा कोटही न काढता म्हणाले, "कशी दिसत होती?" मी काय सांगू? मी म्हटलं, "निळी." मग बरेच दिवस बोलणं नाही. एके दिवशी मला कामाच्या छपरीत घेऊन गेले. तिथली पद्धत अशी की हातभर नकाशावरून दगड घडत नाही, म्हणून छपरीच्या चुन्याच्या भिंतीवर प्रत्येक गोष्ट खऱ्या मापात कोळशानं काढायची; काम उरकलं की पुन्हा चुना फासायचा, पुढच्या कामाला भिंत मोकळी. त्या भिंतीवर ते पोरीचं तोंड काढू लागले आणि मला विचारू लागले. "भुवई अशी की अशी?" "थोडी खाली." "कानाची पाळी?" "चिकटलेली, तुमच्या आईसारखी." "खूण?" खूण डाव्या भुवईवर, आजोबांच्या खाणीत पडली होती, गव्हाच्या दाण्याएवढी, बोटाला लागायचीसुद्धा नाही, मीच तिथं ओठ टेकायची म्हणून मला ठाऊक. सगळं मी सांगितलं. त्यांचा हात आणि माझी आठवण. संध्याकाळपर्यंत ती भिंतीवर आली, आणि मी पहिल्यांदा रडले, चुन्याला टेकून, नंतर माझ्या गालावर कोळसा होता. तेवढंच. दुसऱ्या दिवसापासून ते मातीत काम करू लागले आणि छपरीचं दार मला बंद झालं. परांचीवर तर नाहीच. "बायकांनी वर यायचं नाही." मी म्हटलं, "खाणीत माझा जन्म गेला, मला शिडी शिकवता?" ते म्हणाले, "सिदोनी, नाही." रोज संध्याकाळी घरी येऊन ते हात धूत राहायचे. नखांतली माती निघाली तरी धुवायचे. सूप गार व्हायचं. मी म्हणायची, पोर माझीही होती, मी जेवते ना? ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. त्यांच्या शेवटच्या आजारपणात, छातीत घरघर चाललेली, एकदा डोळे उघडून म्हणाले, "अजून त्याच फरशीवर उभी राहतेस ना?" मी म्हटलं, "मग काय डोक्यावर उभी राहू?" ते हसले. मला वाटलं म्हातारा बरळतोय.

त्यांच्या मागं गुरुवारचं हौदापाशी थांबणं हेच माझं चर्च. आमच्याकडे तिचा फोटो नाही. तेव्हा फोटोवाला जत्रेला यायचा आणि त्या वर्षीच्या जत्रेत तिनं फोटोपेक्षा जिंजरब्रेडचं डुक्कर मागितलं. भिंतीवर चुना बसला. माझ्या मनातलं तोंड म्हणाल तर ते केव्हाच पुसट झालंय, खोटं का सांगू. डोळे मिटले की मला दगडातलंच तोंड दिसतं. म्हणजे ते डोकं गेलं की ती गेली. एवढा साधा हिशेब होता, आणि त्यावर कुणीतरी गोणपाट बांधलं होतं.

शुक्रवारी सकाळी काळी टोपी घालून मी कॅथेड्रलच्या आवारात गेले. नवा वास्तुकार पॅरिसहून आलेला, देल्पेश नावाचा. गाल गुळगुळीत, गुडघे धुळीनं भरलेले. त्यानं टोपी काढली. "मादाम कुर्तेल, मीच तुमच्याकडे येणार होतो."

"मी आले. तुमचे पाय वाचले. ते गोणपाट कशाला?"

"सुटे तुकडे खाली पडू नयेत म्हणून. डोकं मानेवर ज्या गजानं बसवलंय तो लोखंडी आहे. लोखंड गंजलं की फुगतं, आणि दगड फोडतं. मागच्या महिन्यात एका राजाचा कान भाजीवाल्यांत पडला. सगळी नवी डोकी उतरवायची असा हुकूम आहे."

"आणि मग?"

"मग माना तशाच ठेवायच्या. आता वरचं मत असं आहे की जे मोडलंय ते मोडलेलंच दाखवावं. ते जास्त खरं."

"वा! मग तुमच्या आजोबांची कवळी कशाला ठेवलीत? काढून टाका. बोळकं जास्त खरं."

त्याला हसू आलं, आणि तो हसला म्हणून मला त्याचा जास्तच राग आला. तो खाली बघत म्हणाला, "मादाम, त्या देवदूताबद्दल मला कुणीतरी सांगितलंय. एक करता येईल. तेवढं एक डोकं जागेवर ठेवून गज बदलता येतो, तांब्याचा घालून. मला वर विचारावं लागेल. तुम्ही एक अर्ज द्या. फक्त कारण लिहावं लागेल की मूळ कामात लोखंड वापरल्याचा दोष राहिला होता, कुटुंबाला तो मान्य आहे."

"दोष."

"शब्द माझा नाही, कचेरीचा आहे. तांबं तेव्हा महाग होतं, सगळेच लोखंड वापरत. मी त्यांच्या जागी असतो तर—"

"तुम्ही त्यांच्या जागीच आहात. हेच तर दुःख आहे."

घरी येऊन माझ्या मुलाशी भांडण झालं. ओक्ताव्ह वकील आहे, नोएमीनंतर झालेला, तिला त्यानं फक्त दगडातच, त्या कमानीवर पाहिलंय. "आई, सही कर. एक ओळ आहे."

"तुझ्या बापाचं नाव सरकारी कागदावर दोषी म्हणून जाईल आणि खाली माझी सही?"

"बाबांना काय फरक पडतो?"

"मला पडतो. रोमवाल्यांनी त्यांना एकदा नाकारलं. आता मी नाकारू?"

"मग डोकं उतरवतील."

"उतरवू देत. माझ्या पोरीचं डोकं आहे, माझ्या घरी आणून द्या म्हणावं. कशाला पाहिजे मला चौक आणि हौद, या वयात मान मोडून बघायला? घरात राहील. शेजारी बसेन. हात फिरवेन." हे बोलता बोलता मलाच ते पटलं. एवढी वर्षं जिला खालून बघितलं तिच्या गालाला हात लागणार. ओक्ताव्हनं डोक्याला हात लावला. "आई, तुझ्यापुढं बिशप हरले, मी कोण?" आणि तो जाऊन बोलून आला. मिळेल म्हणाले. देल्पेश स्वतः दारापर्यंत आला होता. उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "मादाम, पुन्हा एकदा विचार करा. मान कापली की डोकं परत चढत नाही. आणि उंचावरचं काम जवळून—"

"मस्यू देल्पेश, मी दगडात जन्मले. दगड जवळून कसा दिसतो ते मला शिकवू नका."

त्यानं टोपी डोक्यावर ठेवली. त्यानं बोलायला हवं होतं. किंवा मी दार जरा हळू लावायला हवं होतं.

मंगळवारी बास्तियां गाडीवान आला. हा आमच्या खाणीवरच वाढलेला, आता म्हातारा, पण खांदे बैलाचे. गवतात गुंडाळलेलं ओझं त्यानं आणि त्याच्या सोबत्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं, टेबल कण्हलं. मी सकाळीच टेबलावर पोरीच्या बाप्तिस्म्याची चादर अंथरली होती. फांशेत नावाच्या आमच्या मोलकरणीनं कॉफी केली होती, वाडग्यांतून वाफा निघत होत्या. मी सगळ्यांना मागं सरायला सांगितलं आणि गवत स्वतः काढलं.

कपाळ. आधी कपाळ दिसलं. धुण्याच्या टोपासारखं, पुढं आलेलं, संपतच नव्हतं. त्याखाली डोळे नव्हते, दोन भोकं होती, कुणी पहार घालून फिरवावी तशी. नाक रुंद आणि आखूड. ओठ एका बाजूला ओढलेले, मधे खाच, कुऱ्हाडीची असावी तशी. हनुवटी जाड, म्हाताऱ्या माणसाची. केस म्हणजे दोरखंड. फांशेतनं छातीवर क्रूस काढला आणि पुटपुटली, "येशू, मारिया!" मी ओरडले, "बास्तियां, गाढवा! कुणाचं डोकं उचलून आणलंस? हे गटाराच्या तोंडावरचं राक्षसाचं आहे!"

"मादाम, देवाशपथ, मीच खाली उभा होतो. मेणबत्तीवाला देवदूत. डोळ्यांदेखत उतरवलं."

"तुझे डोळे दारूत गेलेत."

"डोळे नाही गेले मादाम, यकृत गेलंय," तो हळूच म्हणाला.

मी चष्मा लावला. जवळ गेले, दूर गेले, बाजूनं बघितलं. अनोळखी. ही माझी पोर नाही असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात डाव्या भुवईवर सावली दिसली. खड्डा होता. मी बोट घातलं तर पेरापर्यंत आत गेलं. गव्हाच्या दाण्याएवढी खूण, जी फक्त माझ्या ओठांना माहीत होती, जी मी भिंतीपाशी उभी राहून सांगितली होती, ती त्यांनी एवढी खोल खणली होती, का, तर खालून दिसावी म्हणून. हौदापासून दिसावी म्हणून. मग मला बाकीचंही कळू लागलं, एकेक, नको असताना. उंचावर कपाळ बघणाऱ्यापासून मागं पळतं म्हणून ते पुढं ओढलं होतं. उजेड डोळ्यांत ठरत नाही म्हणून भोकं पाडली होती. दाबलेल्या ओठांचं ते जरासं वळण, त्याच्यासाठी कुऱ्हाडीची खाच. आणि हे सगळं त्या माणसानं भिंतीवर खरं तोंड काढून झाल्यावर केलं. मातीत, स्वतःच्या बोटांनी. रोज थोडं कपाळ सुजवायचं, रोज थोडे डोळे उपसायचे. आपल्याच पोरीला हातानं विद्रूप करत नेलं, मला त्या फरशीवरून ती दिसावी म्हणून. हात धूत राहायचे. छपरीचं दार बंद. बायकांनी वर यायचं नाही. त्यांनी वर बघितलं नाही ते यामुळं. त्यांना खालूनही हेच दिसलं असतं, करणाऱ्याला दुसरं काय दिसणार? ती सुंदर पोर एकटी माझी होती. त्यांच्या वाट्याला ही आली होती, आणि ती घेऊन ते खाटीकगल्लीतून जात राहिले, आणि मी म्हणत राहिले, दगड.

कॉफीवर साय धरली होती. ओक्ताव्ह दारात येऊन उभा होता, त्याच्या बापासारखा. "आई, मी देल्पेशना विचारतो, काही करता आलं तर," तो म्हणाला. मी म्हटलं, "मान कापली की परत चढत नाही. त्यानं सांगितलं होतं." चौकात आता मानेचा खुंट असेल, जास्त खरं. मी गुरुवारी तिथं थांबून काय बघणार? डोळे मिटून पाहिलं. टोपासारखं कपाळ पुढं आलं. मागचं तोंड आठवून बघितलं, खालचं, हौदाजवळचं, आणि ते येता येता या कपाळाच्या मागं गेलं. मला भीती वाटली. आयुष्यात दोनदाच अशी वाटली, आणि पहिल्यांदा माझ्या हातात निदान पीस होतं.

"बास्तियां," मी म्हटलं, "माळ्यावरची कप्पी चालते का अजून?"

आमच्या घराच्या माथ्यावर, सरपण चढवायला, बाहेर आलेलं लाकूड आहे आणि त्याला कप्पी. एव्हारिस्तनी बांधलेल्यांपैकी घरातली नीट चालणारी ती एकच गोष्ट. बास्तियांनं गवताच्या दोराची जाळी केली, डोकं तिच्यात बसवलं, दोर कप्पीतून घेतला. मी अंगणात फरशीवर उभी राहिले, मग मागं सरले, भिंतीला पाठ लागेपर्यंत. फांशेतनं माझी शाल आणली, मी घेतली नाही. "ओढ."

ते चढलं. पहिल्या मजल्याच्या खिडकीपाशी राक्षसच होता. दुसऱ्या मजल्यापाशी कपाळ थोडं मागं सरलं, पण डोळे अजून भोकंच. "अजून." बास्तियां मागं रेलून ओढत होता, टाचा फरशीवर घसरत होत्या. पन्हाळीच्या जवळ गेलं तेव्हा सूर्य शेजारच्या छपरावरून आला, भोकांत सावली साठली आणि सावलीला नजर आली. हनुवटी लहान झाली. ओठ दाबले गेले. हसायच्या आधीचे.

"थांब," मी म्हटलं. "तिथंच. हलवू नकोस."

कॅथेड्रलची उंची नव्हती, पुरती ती नव्हती, पण होती. भुवईवर दाणा होता. मी बघत होते आणि दोराला पीळ होता, त्यामुळं ती हळूहळू वळू लागली. गाल गेला, कान गेला, चिकटलेली पाळी, आजीसारखी. मग पाठीमागची बाजू आली, जी भिंतीला लागून असायची म्हणून कुणी घडवलीच नव्हती, नुसता आमच्या खाणीतला पांढरा दगड, टाकीचे घाव असलेला. ओक्ताव्ह पुढं झाला. मी हात आडवा केला.

"मादाम," बास्तियां धापा टाकत म्हणाला, "हात सुटतील माझे. खाली घेऊ?"

"धर."

"किती वेळ?"

"दोर पिळलाय रे," मी म्हटलं. "परत वळेल. वळेपर्यंत धर."